सुभद्रेची ओरिजिनल कॉपी कुठाय?

"छान आहे, पण ओरिजिनलची सर नाही!"

दोस्तहो, हे वाक्य कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत हमखास ऐकायला मिळतं. कार्यक्रम नाट्यसंगीताचा असेल तर मध्यंतरापर्यंत थांबावंसुद्धा लागत नाही. गाणाऱ्याने पेटीवाल्याकडे बघून सूर लावला की मागच्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात सांगतं, "नारायणरावांचं ऐकलंय ना तुम्ही? संपलं मग." बिचारा गाणारा अजून पहिल्या ओळीवर असतो.

मला या वाक्याचा राग येतो. एक तर त्यामुळे आपल्या वयाची मुलं या गाण्यांच्या वाटेला जात नाहीत. दुसरं म्हणजे, आपण इंजिनिअरिंगवाले, तर सरळ सांगायचं झालं तर हे वाक्य तांत्रिकदृष्ट्याच चूक आहे. व्हायव्हात एक्स्टर्नल आधी डेफिनिशन विचारतात, तशी मीही विचारते. ओरिजिनल म्हणजे नक्की कुणाचं?

उदाहरण म्हणून एकच पद घेऊ. 'संगीत सौभद्र'मधलं 'वद जाऊ कुणाला शरण'. हे सुभद्रेचं पद. तिचं अर्जुनावर प्रेम आहे आणि मोठा भाऊ बलराम तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा झालाय. धाकटा भाऊ कृष्ण आतून तिच्या बाजूने आहे, पण ते तिला कळू देत नाही. घरभर माणसं आहेत, लग्नाची गडबड आहे, आणि या मुलीला विचारणारं कुणी नाही. त्या वेळचं हे गाणं.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं १८८२ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्यांनी 'शाकुंतल' केलं होतं आणि तिथून मराठी संगीत नाटकाची गाडी सुरू झाली. 'सौभद्र'मध्ये सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर. बायका तेव्हा या रंगभूमीवर नव्हत्या, त्यामुळे सुभद्रा पुरुषच. भाऊरावांचा आवाज इतका गाजला की लोक त्यांना प्रेमाने 'भावड्या' म्हणायचे. तर मग ओरिजिनल सुभद्रा हीच, बरोबर? लावा तिची रेकॉर्ड.

नाही लावता येत. भाऊराव वारले १९०१ मध्ये. भारतात गाण्याच्या व्यापारी तबकड्या काढायला ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्याला आला १९०२ मध्ये आणि त्याने गौहर जानचा आवाज घेतला. एका वर्षाने चुकामूक! म्हणजे ज्या सुभद्रेसाठी ती पदं बसवली, तिचा आवाज आज कुठल्याही कपाटात, कुठल्याही यूट्यूब चॅनेलवर नाही. आणि ज्यांना आपण ओरिजिनल म्हणतो ते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्मले १८८८ मध्ये. सौभद्र तेव्हा सहा वर्षांचं झालेलं. किर्लोस्कर कंपनीत ते आले १९०५ मध्ये. थोडक्यात, सुभद्रेच्या बाबतीत खुद्द बालगंधर्वसुद्धा आजच्या भाषेत 'कव्हर व्हर्जन' आहेत!

(हे वाक्य घरी मोठ्याने वाचू नये. मी वाचलं आणि आजीने दोन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलणं ठेवलं.)

बरं, चाली तरी ओरिजिनल होत्या का? किर्लोस्करांनी चाली कुठून आणल्या बघा. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या, बायकांची गाणी, आणि ते मूळचे बेळगाव भागातले असल्यामुळे कानडी गाण्यांच्या चाली. लोकांच्या कानात आधीच बसलेल्या चालींवर त्यांनी नवे शब्द बसवले. पुढे गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या 'मानापमान'मध्ये उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीचा रंग आणला. भास्करबुवा बखले नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांकडे शिकलेले. त्यांनी १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये अस्सल रागदारीतल्या चाली खाडिलकरांच्या शब्दांना दिल्या. म्हणजे आग्र्याच्या आणि जयपूरच्या घराण्याची तालीम रुक्मिणीच्या तोंडी आली. रुक्मिणी विदर्भाची, चीज हिंदुस्तानी, तबल्याला अहमदजान थिरकवा आणि ऐकणारा सांगलीचा व्यापारी. यात 'शुद्ध ओरिजिनल' शोधायला बसलात तर केटी लागेल.

आता जरा आपल्या विषयाकडे. डेटा कॉम्प्रेशन आपल्याला सिलॅबसला आहे. ती जुनी ७८ आरपीएमची तबकडी असते ना, दहा इंची, तिच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. १९२५ पर्यंत मायक्रोफोनसुद्धा नव्हता. गाणाऱ्याने एका कर्ण्यात तोंड घालून ओरडायचं, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. खालचे आणि वरचे स्वर त्यात धड उतरायचेच नाहीत. उलट नाटकात काय चालायचं? रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपायचा. पदाला वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा, पण तेच नाही. दुसऱ्या वेळी वेगळी जागा, तिसऱ्या वेळी आणखी वेगळी. लोक त्यासाठीच वन्समोअर द्यायचे. एकेक पद पाव-पाव तास, अर्धा-अर्धा तास चालायचं.

तर अर्ध्या तासाचा ऐवज तीन मिनिटांत कोंबलेली ती तबकडी म्हणजे त्या काळची झिप फाईल. तीसुद्धा लॉसी! आपण काय करतो, झिप फाईललाच मूळ प्रोग्रॅम समजतो, आणि पुढच्या माणसाने एक तान इकडची तिकडे केली की म्हणतो, "रेकॉर्डमध्ये अशी नाहीये." अहो, रेकॉर्डमध्ये नव्हती कारण तबकडी संपली होती!

हा वळशाचा प्रकार मी आमच्या गावी फार जवळून बघितलाय. आम्ही म्हसळ्याचे. माणगावला एस्टी बदलून घाटातून आत गेलं की लागतं ते म्हसळा, पुढे श्रीवर्धन आणि समुद्र. आमच्या बाजूला गावागावांत उत्सवाला हौशी नाटकं व्हायची. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून यायचे आणि गॅसबत्तीच्या उजेडात पडदा वर जायचा. आजोबा तरुणपणी त्यात बलराम करायचे. गावच्या पेटीचे दोन स्वर बोलत नसत. ते दुरुस्त करायला पेटी मुंबईला न्यावी लागणार, कोण नेणार? म्हणून पेटीमास्तरांनी सुभद्रेच्या पदाची चाल त्या दोन स्वरांच्या बाजूने वळसा घालून नेली. वर्षानुवर्षं तशीच. आजोबांना आजही तोच वळसा बरोबर वाटतो आणि रेडिओवर सरळ चाल लागली की ते म्हणतात, "हा कुठेतरी चुकतोय."

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. पोफळी, नारळ आडवे, कौलं उडालेली, कित्येक दिवस लाईट नाही, मोबाईल म्हणजे नुसती काच. मी दहावीतून सुटलेली, करायला काही नाही. त्या काळोखात आजोबांनी 'सौभद्र' पाठ म्हणून दाखवलं. बलरामाचं भाषण, मग कृष्णाचं, मग सुभद्रेचं पद, त्या वळशासकट. आवाज त्यांचा आता चिरका झालाय आणि श्वास पुरत नाही. पण पदाच्या आधी ते थांबून सांगायचे, "आता ही एकटी आहे हं. सगळे आत गेले." मग गायचे. नंतर हॉस्टेलवर येऊन मी त्याच पदाची बरीच रेकॉर्डिंग्ज ऐकली, तयारीची, घोटीव, एकेक तान मोजून घ्यावी अशी. पण 'ही एकटी आहे' हे त्यातल्या फार थोड्यांत ऐकू आलं.

माझा मुद्दा इथे आहे. नाटकातलं गाणं किती जणांनी गायलं, किती बदललं, पेटीऐवजी गिटार घेतली की कीबोर्ड, याने माझ्या मते काही बिघडत नाही. बिघडतं ते गाण्यातलं माणूस हरवलं की.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. माझी शाळा सिस्टर्सची. तिथे 'सौभद्र' नव्हतं, 'साउंड ऑफ म्युझिक' होतं, आणि ते आम्हाला प्रार्थनेइतकं पाठ होतं. त्यातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' घ्या. रिचर्ड रॉजर्सची चाल, ऑस्कर हॅमरस्टाइनचे शब्द. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर हे आलं तेव्हा मारिया ते गाणं मठात, मदर अ‍ॅबेसबरोबर म्हणते. १९६५ च्या सिनेमात ज्युली अँड्र्यूज तेच गाणं विजा कडाडत असताना घाबरलेल्या पोरांना जवळ घेऊन म्हणते. जगाला सिनेमातलंच ठाऊक! म्हणजे 'ओरिजिनल' म्हणून आपण जे गुणगुणतो तिथेही प्रसंग मुळातला नाहीच. पण सिनेमावाल्यांनी एक गोष्ट सांभाळली. गाणारीला कुणाला तरी धीर द्यायचाय, हे त्यांनी सोडलं नाही. म्हणून ते चाललं.

अमेरिकेत तर अशा नाटकांतल्या गाण्यांवरच गायकांची पिढीच्या पिढी उभी राहिली. एला फिट्झजेराल्डने १९५६ मध्ये कोल पोर्टरच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला आणि मग एकेका रचनाकाराला एकेक अल्बम असं करत १९६४ पर्यंत ती मालिका चालवली. ज्या नाटकांतली ती गाणी होती त्यातली कित्येक नाटकं आज कुणी करत नाही, गाणी मात्र जिवंत. आपल्यासारखंच. तिथेही कुरकुर होतीच. पेगी लीने १९५२ मध्ये रॉजर्सचं 'लव्हर' हे संथ चालीचं वॉल्ट्झ सुसाट वेगात गायलं तेव्हा खुद्द रॉजर्सला ते आवडलं नव्हतं. रेकॉर्ड धडाधड खपली ती वेगळी गोष्ट. आणखी एक साम्य मला फार मजेचं वाटतं. तिकडच्या गाण्यांना सुरुवातीला एक छोटा तुकडा असायचा, अर्धा बोलल्यासारखा, जो संवादातून गाण्यात नेऊन सोडायचा. रेकॉर्ड करताना बहुतेक गायक तो गाळतात. आपल्याकडे पदाच्या आधीची साकी, दिंडी आणि त्याआधीचं गद्य असंच गळालं. जिना काढून टाकला आणि माडी तेवढी ठेवली.

(इथे एक अडचण मी लपवत नाही. जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये ते 'माय फेव्हरिट थिंग्ज' सॅक्सोफोनवर जवळजवळ चौदा मिनिटं वाजवलं. शब्द नाहीत, मारिया नाही, पोरं नाहीत, विजा नाहीत. माझ्या नियमाने हे नापास व्हायला पाहिजे आणि मला तर ते प्रचंड आवडतं. मी स्वतःची समजूत अशी घातलीय की कोल्ट्रेन मारियाचं गाणं म्हणतच नाहीये. भास्करबुवांनी चीज उचलून तिचं पद केलं, त्याने पद उचलून त्याची चीज केली. पटत नसेल तर मला कँटीनमध्ये गाठा.)

परत आपल्याकडे. नाटकातलं माणूस न हरवता गाणं पूर्ण बदलणारे आपल्याकडे झालेत, आणि त्यांनाही 'ओरिजिनल नाही' हे ऐकावं लागलं असणारच. दीनानाथ मंगेशकरांनी 'मानापमान'मधला धैर्यधर घेतला. तो सेनापती. त्यांनी त्याची पदं अशी काही आक्रमक केली, चालींतसुद्धा इतका स्वतःचा हात फिरवला, की टेंब्यांच्या मूळ चाली बाजूला राहिल्या आणि लोकांना दीनानाथांच्याच पाठ झाल्या. सेनापतीने विजेसारखं गावं, यात खटकण्यासारखं काय आहे? त्यांच्या माघारी आशा भोसले यांनी ती पदं हृदयनाथांच्या संयोजनात रेकॉर्ड केली. बाईचा आवाज, मागे वाद्यवृंद, वेळ मोजकी. आमच्या आईच्या पिढीला नाट्यसंगीत कळलं ते या कॅसेटमधून. 'ओरिजिनल नाही' म्हणून ती कॅसेट निघालीच नसती, तर आमच्या घरात हा विषय आजोबांबरोबर संपला असता.

आणि कुमार गंधर्व! मला स्वतःला यांच्याइतकं धाडस दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. बालगंधर्वांचा गळा म्हणजे रेशमी, सलग, बोलता बोलता गाणारा. कुमारांना ऐन उमेदीत क्षयाने गाठलेलं, फुप्फुस निकामी झालेलं, त्यामुळे श्वास तुटक. त्यांनी लांब श्वासाचा सोस सोडून छोट्या छोट्या फेकींत गाणं उभं केलं. असा माणूस बालगंधर्वांची पदं गायला बसतो आणि कार्यक्रमाचं नाव देतो 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यातला 'मला' महत्त्वाचा. त्यांनी नक्कल केलीच नाही, करताही आली नसती. पण 'नाथ हा माझा' त्यांच्याकडून ऐका. रुक्मिणीचा तो 'माझा' म्हणण्याचा ठामपणा तिथे आहे. आवाज पुरुषाचा, फेक वेगळी, आणि तरी रुक्मिणी समोर.

याच्या उलट ज्यांनी बालगंधर्वांची एकूण एक मुरकी उचलली, शालसुद्धा तशीच घेतली, असे कितीतरी गायक गावोगाव झाले. त्यांच्यात मेहनत होती, कळकळ होती. पण त्यांचं ऐकताना रुक्मिणी दिसत नाही, बालगंधर्व दिसतात. २०११ च्या 'बालगंधर्व' सिनेमात आनंद भाटे यांनी तसं गायलं ते योग्यच, कारण तिथे पात्रच बालगंधर्व होतं. त्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एरवी गाताना पात्र कोण आहे ते आधी ठरवा, मग गळा ठरवा, एवढंच.

या सगळ्या वादाचं उत्तर पंडित जितेंद्र अभिषेकींनी १९६७ मध्येच देऊन ठेवलंय असं मला वाटतं, आणि तेही निबंध लिहून नाही, चाल लावून. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली'. पंडितजी आणि खाँसाहेब, दोन घराणी, एकमेकांसमोर. त्यात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोनदा आहे. पंडितजींच्या घराण्याचं सालगवराळीत, शांत, रुंजी घालत जाणारं. खाँसाहेबांचं धानीत, सुसाट, वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून गोफणीसारखं सुटणारं. शब्द तेच. नाटक तेच. संगीतकारही तोच! आता सांगा, यातलं ओरिजिनल कुठलं आणि कव्हर कुठलं? अभिषेकीबुवांना दाखवायचं होतं की माणूस बदलला की गाणं बदलतं. दोन माणसांचे स्वभाव दोन चालींत मांडले आणि प्रेक्षकाने ते न सांगता ओळखलं. मी पहिल्यांदा दोन्ही लागोपाठ ऐकली तेव्हा रूममेटला उठवून ऐकवली होती. रात्रीचा दीड वाजला होता, दुसऱ्या दिवशी तिचं सबमिशन होतं, तरी ती ऐकत बसली. ती आमच्याच बाजूची, कोकणी मुसलमान घरातली. तिला नाट्यसंगीताशी काही देणंघेणं नाही, पण खाँसाहेबांची बाजू मात्र तिने लगेच घेतली आणि झरीनाचं पुढे काय होतं ते विचारून विचारून मला झोपू दिलं नाही.

नाटकाची कथाही त्याच प्रश्नावर. सदाशिव पंडितजींचा शिष्य, पण त्याला खाँसाहेबांकडची विद्या हवी आहे. ती त्याने घ्यावी की नाही? नुसती चोरून ऐकली तर ती त्याची होते का? २०१० मध्ये हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा राहुल देशपांडे खाँसाहेब झाले, म्हणजे आजोबांच्याच भूमिकेत नातू. सदाशिव झाले महेश काळे, अभिषेकीबुवांचे शिष्य (आणि आपल्यासारखेच इंजिनिअरिंग शिकलेले, तेव्हा आशा सोडू नका). २०१५ च्या सिनेमात शंकर महादेवन पंडितजी झाले. पालक्काडकडच्या तमिळ घरातला, मुंबईत वाढलेला, स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर असलेला माणूस. 'सिनेमावाल्यांनी वाट लावली' असं म्हणणारे होतेच. पण आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या मोबाईलमध्ये धानी राग आला तो त्या सिनेमामुळे. जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांचा 'संगीत मानापमान' आला तेव्हा पुन्हा तीच चर्चा, तेच वडे.

आता जुन्या मंडळींचीही बाजू घेते, कारण एका बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. बालगंधर्वांच्या त्या खरखरत्या झिप फाईलमध्येसुद्धा प्रत्येक शब्द कळतो. बाई बोलतेय आणि बोलता बोलता गाणं झालंय, असं वाटतं. आज टीव्हीवरच्या स्पर्धेत काय होतं? दोन मिनिटं दिलेली असतात, त्यात गळ्याची सगळी कसरत दाखवायची असते. मुलगी छान गाते, खरंच छान गाते, आणि संपलं की परीक्षक उभे राहून म्हणतात, काय तान घेतलीस! तिने कुणाला शरण जायचं ते कुणीच विचारत नाही. टाळ्यांचा कडकडाट, जाहिरात.

मला हे लागतं, कारण सुभद्रा मला पुराणातली वाटतच नाही. वय साधारण आमच्याइतकंच. माझ्या ओळखीतल्या दोघींची लग्नं 'डिग्री होऊ दे, मग बघू' वरून 'स्थळ चांगलं आहे, डिग्री नंतरही होते' वर आलेली आहेत. एकीने घरी कुणाशी बोलावं म्हणून मला रात्री फोन केला होता. मोठा भाऊ ऐकत नाही, वडील भावाचं ऐकतात, आणि जो समजून घेईल असा काका आहे तो गप्प बसतो. मी तिला काय सांगणार? मला तेव्हा आजोबांचं 'सगळे आत गेले' आठवलं. १८८२ मधलं पद आहे हो ते. त्यातली पौराणिक नावं काढा, बाकी सगळं गेल्या महिन्यातलं आहे. असं गाणं मी फक्त तानांसाठी ऐकू?

म्हणूनच यंदा आम्ही तिघींनी गॅदरिंगच्या निवड फेरीत हे पद दिलं. पेटी नव्हती, गिटार आणि कहोन होता. लय थोडी संथ केली, तान एकही नाही, कारण आमच्यापैकी कुणाला येत नाही आणि त्या मुलीला त्या वेळी सुचणारही नाही. पदाच्या आधी अर्धा मिनिट बलरामाचं बोलणं ठेवलं. ऐकणाऱ्यांनी सांगितलं, "नाट्यसंगीत करायचं तर नीट ऑर्गन-तबला घेऊन ओरिजिनलसारखं करा, नाहीतर सरळ फिल्मी घ्या." आम्ही सिलेक्ट झालो नाही. ठीक आहे, निवड फेरीत तेवढं चालायचंच, आमच्यापेक्षा चांगले लोक होते. पण त्या सूचनेचा अर्थ बघा. ऑर्गन वाजवणारा आपल्या अख्ख्या कॉलेजात एक नाही. म्हणजे 'ओरिजिनलसारखं करा' याचा खरा अर्थ 'करू नका' असा होतो! आणि गेल्या तीन वर्षांच्या गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिका मी काढून बघितल्या, त्यात एकही नाट्यपद नाही. जपण्याच्या नादात आपण कुलूप लावून किल्ली हरवलीय.

त्यामुळे पुढच्या सेमिस्टरला मराठी मंडळातर्फे एक तासाचा कार्यक्रम करायचं ठरवलंय, सेमिनार हॉलमध्ये, माईक असेल तर माईकवर, नसेल तर भाऊरावांसारखा. सौभद्रातला एकच प्रवेश, गद्यासकट. आणि सुभद्रेचं ते पद तीनदा. एक जण जमेल तेवढं जुन्या वळणाने म्हणेल, सिव्हिलच्या एका मुलीची आजी गाणं शिकवते, तिने कबूल केलंय. एकदा आमचं गिटारवालं. आणि एकदा आजोबांचं, दोन मोडक्या स्वरांच्या वळशासकट, मी मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलंय, मागे आमच्या कोंबड्याचा आवाज येतो तो काढलेला नाही. तिन्ही ऐकून झाल्यावर ज्याला 'पण ओरिजिनल...' असं म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं, पण तेव्हा भाऊराव कोल्हटकरांची तबकडी बरोबर आणावी.

सुभद्रा ठरली आहे, कृष्ण आयटीचा आहे आणि आत्तापासूनच कुणाला काही कळू देत नाहीये. बलराम मिळत नाहीये. मेकॅनिकलमध्ये कुणी धिप्पाड, आवाजी आणि बहिणीवर ओरडायची सवय असलेला असेल तर मंगळवारी प्रॅक्टिकलनंतर लायब्ररीसमोर भेटावं.